तालुक्यातल्या एकट्या डॉक्टरामागे कोण उभे असते?

रोवणी आटोपली, बांध्यांमध्ये धान हिरवागार झाला, की भंडारा जिल्ह्यातल्या लाखनीच्या दवाखान्यांत तापाची मुले यायला लागतात. पालांदूरहून, पोहऱ्याहून, मुरमाडीहून. आठ दिवसांचा ताप अंगावर घेऊन आलेल्या लेकराला मांडीवर धरून आई सांगते, "डॉक्टरसाहेब, पोराचा ताप काई उतरत नाही जी." तोवर मलेरियाची तपासणी होऊन गेलेली असते, टायफॉइडची विडाल चाचणी झालेली असते, दोन प्रतिजैविके संपलेली असतात. अशा वेळी डॉक्टर मुलाचा सदरा काढून काखेत, कानामागे, जांघेत, करगोट्याच्या खाली बारकाईने बघू लागले, तर ते एक लहानसा काळा डाग शोधत आहेत असे समजावे. सिगारेटचा चटका बसल्यासारखा, कडेने लालसर आणि न दुखणारा डाग. गवता-झुडपांत राहणाऱ्या अतिसूक्ष्म जिवाची अळी जिथे चावते तिथे तो उठतो, आणि तो सापडला की आजाराचे नाव जवळजवळ हाती येते: स्क्रब टायफस. मग डॉक्सिसायक्लिन हे जुने, स्वस्त औषध सुरू होते आणि बहुतेक मुलांचा ताप दोन दिवसांत उतरतो. नेहमीच्या पेनिसिलिन गटातल्या औषधांनी तो हलला नसता.

२०१८ च्या पावसाळ्यात नागपूर विभागात स्क्रब टायफसचे रुग्ण एकामागून एक सापडले, मृत्यूही झाले, आणि पाठ्यपुस्तकाच्या कोपऱ्यात पडून राहिलेले हे नाव अचानक वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आले. पण त्याच्या एक वर्ष आधी, २०१७ मध्ये, 'इंडियन पेडियाट्रिक्स' या मासिकात मुलांमधल्या रिकेट्शियाजन्य आजारांची, म्हणजे स्क्रब टायफस ज्या गटात मोडतो त्या आजारांची, मार्गदर्शक तत्त्वे छापून आली होती. ती इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने तयार केलेली होती, आणि त्यांच्या लेखकांमध्ये पहिले नाव होते अकोल्याचे डॉ. नरेंद्र राठी यांचे. दिल्लीचे नाही, मुंबईचे नाही, अकोल्याचे. आठ वर्षांखालच्या मुलाला डॉक्सिसायक्लिन देऊ नये, दात पिवळे पडतात, असे डॉक्टरांच्या कित्येक पिढ्या शिकल्या. या आजारात वय न पाहता हेच औषध द्यावे, थोड्या दिवसांच्या औषधाने दातांना धोका नाही आणि उशिराने मात्र जिवाला धोका आहे, हे त्या मार्गदर्शनात स्पष्ट लिहिलेले होते.

आता लाखनीतल्या डॉक्टरांचा विचार करा. एमबीबीएस होऊन, पुढे बालरोगाची पदविका किंवा एमडी घेऊन ते इथे आले त्याला पंधरा-वीस वर्षे झाली असतील. महाविद्यालयात शिकलेले दातांचे सूत्र त्यांच्या डोक्यात पक्के आहे. ते बदलले हे त्यांना कोण सांगणार? शेजारच्या खोलीत वरिष्ठ नाहीत, सकाळचा राउंड नाही, ग्रंथालय नाही. नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय ऐंशी-नव्वद किलोमीटरवर. वैद्यकीय शास्त्र बदलते आणि डॉक्टरांची पदवी जिथल्या तिथे राहते. ही दरी कोण भरून काढते, हा प्रश्न रुग्णांच्या फारसा मनात येत नाही. तो यायला हवा, कारण उत्तराशी गाठ आपल्याच लेकरांची आहे.

ते उत्तर म्हणजे डॉक्टरांच्या संघटना. बालरोगतज्ज्ञांची वर आलेली इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स १९६३ मध्ये स्थापन झाली. मुंबईत आणि कोलकात्यात बालरोगतज्ज्ञांच्या दोन वेगळ्या संस्था आधीपासून होत्या. त्या एकत्र आल्या, आणि पुढल्याच वर्षी, १९६४ मध्ये, त्यांचे मासिक सुरू झाले. या संघटनेला डॉक्टर नुसते 'आयएपी' म्हणतात. स्त्रीरोगतज्ज्ञांची फॉग्सी १९५० ची, भूलतज्ज्ञांची संघटना १९४७ ची, फिजिशियनांची १९४४ ची. सगळ्या शाखांच्या डॉक्टरांना सामावणारी इंडियन मेडिकल असोसिएशन या सगळ्यांहून जुनी, १९२८ ची. अशा प्रत्येक विशेषज्ञ संघटनेची रचना साधारण सारखीच असते: देशपातळीवर मुख्य संस्था, तिच्याखाली राज्य शाखा, आणि मग शहर-जिल्ह्यांच्या शाखा.

यातली मधली पायरी, राज्य शाखा, ही सर्वांत कमी दिसते, पण माझ्या मते तालुक्याच्या डॉक्टरांना सर्वांत उपयोगी तीच पडते. सार्वजनिक आरोग्य हा आपल्या राज्यघटनेने राज्यांकडे दिलेला विषय आहे. डॉक्टरांची नोंदणी १९६५ च्या कायद्याखालच्या महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे होते. खासगी रुग्णालयांची नोंदणी १९४९ च्या मुंबई शुश्रूषागृह नोंदणी कायद्याने होते. लसीकरणाची मोहीम राज्याचा आरोग्य विभाग चालवतो. डॉक्टरांना रोज ज्या नियमांशी, कार्यालयांशी आणि भाषेशी काम पडते ते सगळे राज्याचे असते, आणि तिथे एकट्या डॉक्टरांच्या पत्राला जे वजन नसते ते राज्यभरातल्या बालरोगतज्ज्ञांच्या वतीने गेलेल्या पत्राला असते. २७ नोव्हेंबर २०१८ रोजी महाराष्ट्रात गोवर-रुबेला लसीकरणाची मोहीम सुरू झाली. नऊ महिने ते पंधरा वर्षे वयाच्या प्रत्येक मुलाला, आधी लस घेतलेली असली तरी, आणखी एक मात्रा द्यायची होती. मोबाइलवर भीतीचे संदेश फिरत होते, शाळांमधून पालक चिठ्ठ्या पाठवत होते. त्या दिवसांत आई-बाप सरकारी परिपत्रक वाचायला गेले नाहीत, ते आपल्या नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांकडे गेले आणि "देऊ का?" म्हणून विचारले. संघटना मोहिमेच्या बाजूने उघडपणे उभी असल्यामुळे गावोगावच्या खासगी डॉक्टरांना "द्या" म्हणताना अडखळावे लागले नाही.

सदस्य झालेल्या डॉक्टरांना काय मिळते, याची सुरुवात शिक्षणापासून करायला हवी. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नियमानुसार दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करताना डॉक्टरांना ३० क्रेडिट पॉइंट दाखवावे लागतात. कौन्सिलची मान्यता असलेल्या परिषदा, व्याख्याने, कार्यशाळा यांना हजर राहून ते जमवायचे. अशा कार्यक्रमाला डॉक्टर 'सीएमई' म्हणतात, आणि या सीएमई मोठ्या प्रमाणात भरवतात त्या याच संघटना. बालरोगतज्ज्ञांची राज्य परिषद 'महापेडिकॉन' या नावाने भरते. तिथे महाराष्ट्रभरातले डॉक्टर जमतात.

शहरातल्या डॉक्टरांसाठी सीएमई म्हणजे संध्याकाळचे दोन तास. लाखनीतल्या डॉक्टरांसाठी तो दवाखाना बंद ठेवण्याचा दिवस असतो. भंडारा वीसेक किलोमीटर, नागपूर ऐंशी-नव्वद. त्या दिवशी झटके आलेले मूल आले तर दाराला कुलूप. करोनाच्या काळात व्याख्याने पडद्यावर आली आणि हा अडसर बराचसा हलला. रात्री नऊनंतर, शेवटचा रुग्ण गेल्यावर, मुंबईतल्या प्राध्यापकाचे व्याख्यान लाखनीत बसून ऐकता येते. पण वैद्यकीत काही गोष्टी कानांनी शिकता येतात आणि काही हातांनीच शिकाव्या लागतात.

बाळाचा पहिला श्वास ही हातांनी शिकायची गोष्ट.

जन्मलेल्या दर शंभर बाळांपैकी साधारण दहांना श्वास सुरू करायला थोडी तरी मदत लागते. यातल्या बहुतेकांना फार काही लागत नाही: कोरड्या, उबदार कापडाने पुसणे, मान नीट ठेवणे, पाठ चोळणे. तेवढ्याने जे रडत नाही त्याच्या नाका-तोंडावर मुखवटा बसवून रबरी पिशवीने हवा द्यायची. हे सगळे पहिल्या एका मिनिटात सुरू झाले पाहिजे, म्हणून या प्रशिक्षणाला आयएपीने 'फर्स्ट गोल्डन मिनिट' हे नाव दिले. ऐकायला सोपे वाटते. करून बघितले की कळते, की मुखवटा किंचित तिरका बसला तरी हवा कडेने निसटते, छाती उचलतच नाही, आणि घाबरलेला हात पिशवी जोरात दाबायला लागतो. मिनिटाला चाळीस ते साठ, "दाबा, दोन, तीन, दाबा, दोन, तीन" असा ताल अंगात मुरावा लागतो. तो मुरतो रबरी बाहुलीवर. हवा नीट गेली तर बाहुलीची छाती वर येते, नाही गेली तर येत नाही. शिकवणाऱ्याला काही बोलावेच लागत नाही.

याच एका मिनिटात शास्त्र किती वेळा बदलले ते पाहण्यासारखे आहे. एकेकाळी न रडणाऱ्या बाळाला शंभर टक्के प्राणवायू देत. १९९३ मध्ये दिल्लीचे डॉ. सिद्धार्थ रामजी आणि नॉर्वेचे डॉ. ओला साउगस्टाड यांनी खोलीतल्या साध्या हवेनेही काम भागते का, हे तपासले. भागते असे दिसले, पुढे मोठ्या अभ्यासांत ते पक्के झाले, आणि २०१० च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात पूर्ण दिवसांच्या बाळासाठी साध्या हवेनेच सुरुवात करावी असे आले. सिलिंडर संपला म्हणून हातपाय गाळून बसणाऱ्या प्रसूतिगृहासाठी ही केवढी मोठी गोष्ट! तसेच पोटात शी केलेल्या बाळाचे. सुस्त पडलेल्या अशा प्रत्येक बाळाच्या श्वासनळीत नळी घालून शोषून घ्यायचे, असे वर्षानुवर्षे शिकवले जाई. २०१५ च्या मार्गदर्शनाने तो सरसकट रिवाज थांबवला. त्यात जाणारे सेकंद हवा देण्यात जावेत असे ठरले. २००५ मध्ये शिकून बाहेर पडलेले डॉक्टर किंवा परिचारिका यांनी नंतर एकदाही ही कार्यशाळा केली नसेल, तर ती मंडळी प्रामाणिकपणे, मन लावून जुनी पद्धत करत राहतील. दोष त्यांच्या निष्ठेत नसतो. नवे त्यांच्यापर्यंत पोचलेलेच नसते.

भंडारा जिल्ह्यात नवजात बाळांबद्दल लिहिताना ९ जानेवारी २०२१ ची पहाट टाळून पुढे जाता येत नाही. जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात अतिदक्षता कक्षाला आग लागली. आत १७ बाळे होती. सात वाचवता आली, दहा गेली. त्या आया आपल्याच गावांमधल्या होत्या. नंतर राज्यभर रुग्णालयांच्या अग्निसुरक्षेच्या तपासणीचे आदेश निघाले. विजेच्या तारांची जबाबदारी डॉक्टरांच्या संघटनेची नसते, हे खरे. पण नवजात कक्ष कसा असावा, किती खाटांमागे किती परिचारिका, उपकरणांना किती जोडण्या, या गोष्टी कुठेतरी लिहिलेल्या असाव्या लागतात आणि कुणीतरी येऊन त्या पडताळाव्या लागतात. १९८० मध्ये स्थापन झालेली नॅशनल निओनॅटॉलॉजी फोरम ही नवजात शिशुतज्ज्ञांची संघटना अशा कक्षांची तपासणी करून त्यांना मान्यता देते. स्त्रीरोगतज्ज्ञांच्या फॉग्सीनेही खासगी प्रसूतिगृहांसाठी 'मान्यता' या नावाने १६ निकष ठरवले आहेत. या गोष्टी ऐच्छिक आहेत. त्या ऐच्छिक असाव्यात का, याचा विचार भंडाऱ्याने तरी करायला हवा असे मला मनापासून वाटते.

संघटनेचे आणखी एक काम लाखनीच्या प्रत्येक बालरोग दवाखान्याच्या भिंतीवर लटकलेले असते आणि आपण त्याच्याकडे बघतही नाही. तो म्हणजे वाढीचा तक्ता. पाच वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटनेचे २००६ चे तक्ते वापरतात. पाच ते अठरा वयासाठी आयएपीने २०१५ मध्ये नवे तक्ते काढले. ते काम पुढे नेणाऱ्यांत पुण्याचे डॉ. वामन खाडिलकर आणि डॉ. अनुराधा खाडिलकर होते. देशातल्या वेगवेगळ्या शहरांमधल्या सुमारे ३३ हजार मुलामुलींची मापे त्यात आहेत. एक बारकावा मला फार महत्त्वाचा वाटतो: अतिवजनाची मुले त्यांनी हिशेबातून वगळली. ती धरली असती तर सरासरीच फुगली असती, आणि लठ्ठ मूल तक्त्यावर 'ठीक' दिसले असते. आपला नातू "अंगाने भरलेला" आहे म्हणून आजीबाई खूश असतात. डॉक्टर तक्त्यावर बोट ठेवून थोडे वेगळे सांगतात. ते बोट त्या ३३ हजार मुलांच्या आधाराने ठेवलेले असते.

आपल्या भागाचा म्हणून जो आजार, तो सिकलसेल. पूर्व विदर्भातल्या कितीतरी घरांत तो पिढ्यान्‌पिढ्या आहे. आई आणि वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी असण्याची शक्यता चारात एक. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि मूल हाडांच्या वेदनेने रात्रभर तळमळते. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. दीप्ती जैन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा, जास्त त्रास असलेल्या मुलांवर हायड्रॉक्सियुरिया या औषधाचा अभ्यास केला. परदेशात हे औषध हळूहळू वाढवत, वरचेवर रक्त तपासत, मोठ्या मात्रेपर्यंत नेतात. पालांदूरच्या मजुराला ते कसे जमावे? या अभ्यासात वजनाच्या दर किलोमागे १० मिलिग्रॅम अशी लहान, ठरावीक मात्रा ठेवली, आणि तेवढ्यानेही वेदनेचे झटके, रक्त देण्याची वेळ, रुग्णालयात भरती होणे, सगळे कमी झाले. २०१२ मध्ये हे प्रसिद्ध झाले.

नागपूरच्या वॉर्डात सिद्ध झालेली ही मात्रा लाखनीच्या चिठ्ठीवर उतरायला एक वाट लागते. मासिक, परिषदेतले भाषण, शाखेची बैठक, मग कुणीतरी फोनवर विचारलेला प्रश्न, अशी ती वाट असते. त्याच वाटेने इतर बारीक गोष्टी येतात: सिकलसेलच्या लहान मुलाला पाच वर्षांपर्यंत रोज दोनदा पेनिसिलिन द्यावे, न्यूमोकोकसची लस चुकवू नये, आणि आईला प्लीहा हाताने चाचपायला शिकवावे, म्हणजे ती अचानक मोठी झालेली लागली तर आई सकाळची वाट न बघता निघेल. १ जुलै २०२३ ला केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली; २०४७ पर्यंतचे उद्दिष्ट ठेवले आहे. तपासणीचे कार्ड गावोगाव वाटले जाईल. त्या कार्डाचा अर्थ शांतपणे, लग्नाच्या वयाच्या मुलामुलींना न घाबरवता समजावून सांगणारे डॉक्टर मात्र तालुक्यातच हवेत, आणि ते तयार असायला हवेत.

ज्ञान वरून खाली झिरपते अशी आपली समजूत असते. वैद्यकीत ते खालून वरही जाते, आणि महाराष्ट्राला याचा अभिमान वाटावा अशी उदाहरणे आपल्याकडे आहेत. नागपूरच्याच वैद्यकीय महाविद्यालयातून एमबीबीएस झालेले डॉ. हिंमतराव बावस्कर कोकणात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात गेले आणि विंचूदंशाने मरणाऱ्या मुलांच्या हृदयाचे ठोके रात्र-रात्र मोजत बसले. १९८२ मध्ये त्यांचे निरीक्षण 'लॅन्सेट'मध्ये आले. पुढे प्राझोसिन या रक्तदाबाच्या गोळीने त्यांनी असंख्य मुले वाचवली. शेजारच्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या बायकांना नवजात बाळाची काळजी घरीच घ्यायला शिकवले. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'ने छापले की त्या गावांत नवजात मृत्यूचे प्रमाण ६२ टक्क्यांनी उतरले. डॉ. राठींचे अकोला याच मालिकेतले. हे सगळे लोक मोठे खरेच, पण त्यांचे निरीक्षण ऐकून घेणारे सहव्यावसायिकांचे व्यासपीठ नसते तर ते त्या-त्या गावातच राहिले असते. चांगली राज्य शाखा तालुक्यातल्या डॉक्टरांना श्रोता म्हणून बोलावते आणि वक्ता म्हणूनही. चुलबंदच्या काठी कोणत्या महिन्यात कोणता ताप येतो, मण्यार चावलेली मुले पहाटे कशी आणली जातात, जमिनीवर झोपलेल्या त्या मुलांच्या अंगावर दंशाची खूणही का दिसत नाही, हे लाखनीच्या डॉक्टरांइतके मुंबईतल्या प्राध्यापकांना ठाऊक नसते.

आता पैशाचे बोलू. परिषदेला सभागृह लागते, जेवण लागते, वक्त्यांचा प्रवास लागतो. सदस्यांच्या वर्गणीत ते भागत नाही, आणि मग औषध कंपन्यांचे फलक लागतात. इथे बालरोगतज्ज्ञांची गोष्ट इतरांपेक्षा वेगळी आहे, आणि ती सविस्तर सांगण्याजोगी आहे. बाळाच्या दुधाची पावडर विकणाऱ्या कंपन्यांना सर्वांत जास्त गरज असते ती बालरोगतज्ज्ञांच्या शब्दाची. डॉक्टरांनी एकदा चिठ्ठीवर डब्याचे नाव लिहिले की आई स्वतःच्या दुधावरचा विश्वास हरवून बसते. १९९२ मध्ये संसदेने शिशुदुधाचे पर्याय, दुधाच्या बाटल्या आणि शिशुआहार यांबद्दलचा कायदा केला. २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. दोन वर्षांखालच्या बाळांच्या या वस्तूंची जाहिरात करता येत नाही. आणि त्याच कायद्यात एक असे कलम आहे जे फार थोड्या लोकांना माहीत असते: अशा कंपनीने आरोग्य कर्मचाऱ्यांना, किंवा त्यांच्या संघटनेला, परिषद, चर्चासत्र, शिष्यवृत्ती, संशोधन यांसाठीही पैसे द्यायचे नाहीत.

आयएपीने यासाठी कायद्याच्या धाकाची वाट पाहिली नव्हती. १९९० च्या दशकातच या कंपन्यांचा पैसा न घेण्याचा ठराव तिने केला होता. मला ही संघटनेच्या इतिहासातली फार मोलाची गोष्ट वाटते. एकट्या डॉक्टरांना प्रतिनिधीची भेटवस्तू नाकारणे अवघड जाते. सगळ्यांनी मिळून नाकारायचे ठरवले की ते सोपे होते. धानाच्या बांधीत वाकून काम करणाऱ्या मजूर बाईला पाचशे रुपयांचा डबा आणि उकळलेले पाणी परवडत नाही. पातळ केलेली पावडर आणि अस्वच्छ बाटली यांतून हगवण येते आणि मूल वाळत जाते. ठराव शहरातल्या एखाद्या सभागृहात होतो, पण त्याची किंमत कळते ती अशा घरात. म्हणूनच आपल्या डॉक्टरांच्या परिषदेचा खर्च कोण करतो हे विचारणे रुग्णांना शोभते, आणि त्याचे उत्तर देणे संघटनेला.

कायद्याचा विषय डॉक्टरांच्या मनात सतत असतो. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येते असा निकाल दिला. त्या खटल्यात इंडियन मेडिकल असोसिएशनच एक पक्ष होती आणि तिची बाजू मान्य झाली नाही. निकाल रुग्णांच्या हिताचा ठरला, आणि डॉक्टरांना नोंदी नीट ठेवण्याची सवय लागली हेही चांगलेच झाले. २००५ मध्ये जेकब मॅथ्यू प्रकरणात त्याच न्यायालयाने दुसरी बाजू सांभाळली: उपचार फसला म्हणजे फौजदारी गुन्हा झाला असे नाही; गुन्हा ठरायला निष्काळजीपणा ढोबळ असावा लागतो, आणि तक्रारीवर पुढे जाण्याआधी तपास अधिकाऱ्याने दुसऱ्या स्वतंत्र डॉक्टरांचे मत घ्यावे. हे ठाऊक असलेले डॉक्टर अत्यवस्थ मुलाला हात लावायला कचरत नाहीत. ठाऊक नसलेले "नागपूरला न्या" म्हणून चिठ्ठी लिहून देतात, आणि ऐंशी-नव्वद किलोमीटरच्या त्या वाटेत काय होते ते आपण सगळे जाणतो. म्हणून संघटनांचे कायदेविषयक कक्ष, व्यवसाय-संरक्षण योजना, संमतिपत्रांचे मराठी नमुने यांना मी रुग्णहिताच्याच यादीत धरतो.

दवाखान्यावर होणाऱ्या हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्रात २०१० पासून स्वतंत्र कायदा आहे. गुन्हा अजामीनपात्र, तीन वर्षांपर्यंत कैद आणि मोडतोडीच्या दुप्पट भरपाई. कलम आहे, पण जमाव दारात असताना कलम कामाला येत नाही. तेव्हा कामाला येतो शाखेच्या सचिवाचा पोलीस ठाण्यात गेलेला फोन, आणि दुसऱ्या दिवशी दवाखान्यात येऊन बसलेले चार सहकारी.

एक योजना मात्र मला हलवून जाते. काही वैद्यकीय संघटनांमध्ये असा नियम आहे की योजनेतला एखादा सदस्य वारला, की उरलेले सगळे ठरलेली छोटी रक्कम भरतात आणि जमलेली रक्कम त्याच्या घरी जाते. देणाऱ्याने घेणाऱ्याला कधी पाहिलेलेही नसते. करोनात गेलेल्या डॉक्टरांच्या घरी अशा पैशांनी मुलांच्या फिया भरल्या गेल्या असतील, दवाखान्याच्या कर्जाचे हप्तेही.

संघटनेच्या मर्यादाही सरळ सांगितल्या पाहिजेत. ती डॉक्टरांची नोंदणी करत नाही आणि रद्दही करू शकत नाही. तो अधिकार कौन्सिलचा. तुमची तक्रार तिच्याकडे नेऊन न्याय मिळेलच असे नाही, कारण ती मुळात डॉक्टरांची आहे. तिने दिलेले सदस्यत्वाचे किंवा अल्पमुदतीच्या अभ्यासक्रमाचे प्रमाणपत्र भिंतीवर लावलेले असले तरी ती पदवी नव्हे. तिची पदे निवडणुकीने भरतात आणि निवडणुकीत शहरांची मते जास्त असतात. महापेडिकॉन मोठ्या शहरांत, मोठ्या हॉटेलांत होते. तालुक्याचे डॉक्टर तिथे क्रेडिट पॉइंट घेऊन, ओळखीच्या चार जणांना भेटून परत येतात. एवढ्यावर समाधान मानणाऱ्या शाखेने आपले निम्मेच काम केले.

उरलेले निम्मे काम रबरी बाहुलीसारखे आहे. ती बाहुली पिशवीत मावते. श्वासपिशवी, दोन मापांचे मुखवटे, एक कोरडे कापड, एक घड्याळ, बास. मुंबई-कोलकाता महामार्गावरून नागपूरहून निघाली तर दोन तासांत लाखनीत पोचते. ग्रामीण रुग्णालयाच्या खोलीत रविवारी चार टेबले मांडायची. तालुक्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या परिचारिका आणि खासगी प्रसूतिगृहांतल्या सिस्टर यांना बोलवायचे. प्रशिक्षकाने घड्याळ लावायचे आणि म्हणायचे, बाळ रडत नाही, सुरू करा. पहिल्या खेपेला बहुतेकांचा मुखवटा तिरका बसतो. तिसऱ्या-चौथ्या खेपेला टेबलाभोवतीच्या सगळ्या जणी वाकून बघत असतात, आणि बाहुलीची छाती वर येते.